चावदिवशी दहा वाजता

कारीट तुळशीपाशी फुटून पडलेलं,
त्याचा कडूपणा अजून जिभेवर,
आणि ताटलीत पाच तऱ्हेचे पोहे:
गुळाचे, ताकातले, दुधातले, बटाट्याचे,
पाचवे फिलोमिनाकाकूंनी पाठवलेले, त्यांच्या अंदाजाने.

दहा वाजता टीव्हीवर लागणार होती
दिवाळीची कार्टून फिल्म, सहकुटुंब बघण्याजोगी.
निवतीत एरवी कार्टूनसाठी
पाट मांडून बसत नाही कोणी.
पण त्यातली कुर्ली आमच्या आईच्या आवाजात बोलणार होती.

शेवंती मेतर. बंदरावर लिलाव बोलते.
तिचं "अडीचशे, अडीचशे, तीनशे कोण?"
वारा धार्जिणा असला तर
होडीतल्या माणसाला आधी ऐकू येतं, मग किनारा दिसतो.
पुण्याची मृण्मयी सुरमई घ्यायला आली
आणि आवाज घेऊन गेली.

कुडाळात एक खोली, भिंतींना गाद्या,
पंखा बंद, कारण पंखाही बोलतो म्हणे.
दोन दिवस घामात बसून आई कुर्ली झाली.
कागद मी वाचून दाखवायचे, ती बोलायची.
"मेल्या" म्हणायचं नाही, लहान मुलं बघणार, असं ठरलं,
मग तिला वाक्यच सुरू करता येईना.
शेवटी एक "मेल्या" ठेवला. बाकीचे कापले.

गोष्ट साधीच:
माडाला टांगलेला आकाशकंदील वाऱ्याने सुटतो,
दर्यात पडतो, विझत नाही.
(कसो काय विझना नाय, हे काका शेवटपर्यंत विचारत राहिला.)
कुर्लीचं धाकटं पोर त्याला चंद्राचं पिल्लू समजतं,
घरी पोचवायला निघतं,
आणि आई त्याला शोधते
आठ पायांनी, आडवी आडवी.

कुर्लीने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा
आमचा सार्थक हसून उताणा पडला.
शेजारची पोरं टीव्हीकडे बघत, आईकडे बघत,
पुन्हा टीव्हीकडे.
आई तोंडाला पदर लावून: "गप रवा, आयका!"
तो एकुलता "मेल्या" आला तेव्हा तर
ओटीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग वादळ. मग एक खडक.
त्यावर कुर्ली एकटी.
"खंय असशीत रे...
तुका भूक लागली आसतली."

एवढंच. आवाज मध्येच अडकला,
जसं जाळं खडपाला अडकतं,
आणि कोणी सोडवायला उडी मारली नाही.

कागदावर भूक नव्हती.
मी वाचलेलं मला आठवतं.
कागदावर होतं, "बाळा, तू कुठे आहेस?"

पोहे चावायचे थांबले.
पुंडूदादाचं नाव या घरात
चार वर्षं कोणी घेतलेलं नाही.
होडी विकली त्या रात्री गेला.
कोणी वेरावळ म्हणतं, कोणी मंगळूर.
दुसऱ्या दिवशी आईने बांगडा
नेहमीच्या भावाने विकला,
एक रुपया कमी नाही.

फिल्ममधलं पोर सापडलं. सापडणारच होतं.
माशांनी फुलबाज्या उडवल्या, पाण्याखाली,
काका पुन्हा काहीतरी पुटपुटला.
शेवटी नावं पळाली, त्यात "शेवंती मेत्रे",
चुकीचं, आणि तेही डोळा लवेपर्यंत.

"काय रडलंस गे शेवंता!" फिलोमिनाकाकू म्हणाल्या.
"रडाक नाय मी.
पंखो बंद होतो थंय. घसो सुकलो."
ताटल्या उचलून ती विहिरीकडे गेली.
पोरं मागे: कुर्ली बोल ना, कुर्ली बोल ना.
एका वाक्याक धा रुपये, ती म्हणाली.

चार वाजता तीच फिल्म परत लागली.
पोरं वाळूत होती.
मी कंदिलाची वायर शोधत आत आले
तर आई जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ,
आवाज पूर्ण बंद.
खडकावरची कुर्ली नुसतं तोंड हलवत होती.

आई बघत होती नीट, मान जराशी कलती करून,
जशी मासा घेण्याआधी
कल्ला उघडून बघते.